कीबोर्ड, स्पंज आणि देवळातली पेटी

माझ्या हातात कुठलीही वस्तू आली की ती उघडून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. लहानपणी घरचे याचं कौतुक करायचे. चाळिशी उलटल्यावर बायको याला खोड म्हणते. तिचं म्हणणं मी हसण्यावारी न्यायचो. गेल्या श्रावणापासून नेत नाही.

सगळं एका कीबोर्डपासून सुरू झालं. मी राहतो धारगळला, हमरस्त्यापासून थोडा आत, आणि नोकरी करतो तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या डिस्पॅच खात्यात. दिवसभर चलनं टाईप करायची, गाड्यांचे नंबर घालायचे, एक गाडी गेली की दुसरीचं चलन. ऑफिसातल्या कीबोर्डची बटणं इतकी मेलेली होती की दाबताना चिखलात बोट घातल्यासारखं वाटायचं. आमच्या मेंटेनन्सला बेळगावकडचा एक इंजिनिअर आहे. त्याने एकदा स्वतःचा मेकॅनिकल कीबोर्ड आणला आणि म्हणाला, "दाबून बघा की." प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच, त्यात वेगळी स्प्रिंग, आणि प्रत्येक दाबाला खट्‌ असा ठाम आवाज. त्या दुपारी मी चलनं बाजूला ठेवून नुसती बटणं दाबत बसलो.

आठ दिवसांत मीही एक मागवला, त्यातल्या त्यात स्वस्तातला. स्वस्तातला असल्यामुळे त्याला सगळे दोष होते. बटणं दाबली की तापल्या कढईत मोहरी पडल्यासारखी तडतड. स्पेसचं लांब बटण एखाद्या सैल दातासारखं हलायचं. आतून पोकळ डब्यासारखा घुमायचा. माझी बायको पणजीला सरकारी कचेरीत आहे. रोज बसने जाऊन येते, घरी आल्यावर तिला शांतता लागते. तिने दोन दिवस सोसलं आणि तिसऱ्या दिवशी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "ह्यो तुमचो खेळ एक दिवस जनेलातसून भायर उडयतलंय." मला तेवढं निमित्त पुरलं. खिडकीबाहेर जाण्याआधी कीबोर्ड गप्प करायचा, म्हणजे तो उघडायला हवा.

पुढचे सहा-सात रविवार मी सोप्यावर मेज टाकून तेच करत होतो. इंजिनिअरने बारीक ब्रश आणि बोटभर डबीतलं ग्रीस दिलं होतं. स्विच चिमट्याने उपसायचा, त्याची टोपी उघडायची, आतली दांडी आणि स्प्रिंग बाहेर काढायची, घासतात त्या कडांवरून ब्रश फिरवायचा आणि परत बंद करायचा. असे सत्त्याऐंशी. पहिल्याच दिवशी तीन स्विचचे पाय वाकवले. एक स्प्रिंग उडून तुळशीकडे गेली, ती आजपर्यंत सापडलेली नाही. ग्रीस कमी वाटलं म्हणून जास्त लावलं, मग बटणं दाबली की वर यायला आळस करू लागली. ती पुन्हा उघडून पुसली. आतल्या सर्किटच्या पाटीमागे कागदी चिकटपट्टीचे थर लावले, पोकळ बुडात स्पंज कापून बसवला, आणि प्रत्येक बटणाच्या खाली एक रबरी कडी घातली. सातव्या रविवारी कीबोर्ड असा गप्प झाला की मी बायकोला हाक मारून शेजारी बसवलं आणि तिच्या नावाची अक्षरं टाईप करून दाखवली. "आता आवाज येणा नाय," ती म्हणाली. मी इतका फुगलो की विचारू नका.

सोमवारी तो कीबोर्ड मी ऑफिसात नेला आणि दुपारपर्यंत दोन चलनं चुकवली. एका गाडीच्या नंबरातला एक आकडाच पडला नव्हता, वॉचमनने गाडी गेटवर अडवून धरली. मला शपथेवर वाटत होतं की मी तो दाबला होता. इंजिनिअरने दोन बटणं दाबली आणि हसला. "कड्या काढा की ओ त्या. बटण तळाला लागलं हे बोटाला कळाय पाहिजे. तो ठोका म्हणजे बोटाला मिळालेली पावती असतीय." मी कड्या काढल्या, थोडा ठोका परत आला, चुका थांबल्या. म्हणजे ही गोष्ट मला कळलेली होती. मला कुणी सांगितलंच नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

आमच्या वाड्यावरचे एक काका आहेत. नात्याने लांबचे, घराने जवळचे. हमरस्त्यावर त्यांचं शिलाईचं दुकान होतं. वाड्यावरच्या दोन पिढ्यांचे शाळेचे युनिफॉर्म त्यांनी शिवले. दोनेक वर्षांपूर्वी त्यांनी दुकान बंद केलं. डोळे थकले असतील, असं सगळे धरून चालले. पण त्यांची खरी ओळख दुकानाची नव्हे, देवळातल्या पेटीची. भजनाला पेटीवर तेच. मी झांज धरायला लागलो तेव्हाही तेच होते आणि तेव्हाही ती पेटी जुनीच होती.

त्या पेटीच्या पट्ट्या वाजायच्या. म्हणजे सूर वेगळा आणि पट्टीचं लाकूड खाली आपटल्याचा टक्‌टक्‌ आवाज वेगळा. पट्ट्यांच्या खाली लोकरी कापडाची एक पट्टी असते, ती झिजून तिचा कागद झाला होता. इतकी वर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नाही. गेल्या वर्षी देवळाने नवीन माईक घेतले आणि तो टक्‌टक्‌ आवाज स्पीकरमधून सगळ्या वाड्यावर ऐकू जायला लागला. श्रावणातल्या सप्ताहाच्या आधीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं की पेटी दुरुस्तीला डिचोलीला पाठवूया. आणि मी, ज्याला पेटीतला सा कुठला तेही धड सांगता येत नाही, तिथे बोलून गेलो, "कित्याक पाठवताय? म्हाज्याकडे द्या. असलाच काम मी घरात केलंय."

काका माझ्या शेजारीच बसले होते. ते हळू आवाजात म्हणाले, "असांदे रे. माका त्येचो काय त्रास नाय." मला वाटलं, भिडस्त माणूस आहे, मला काम लावायला संकोचतोय. मी म्हटलं, "तुमी बघाच काका." चारचौघांत त्यांनी आणखी काय बोलायचं होतं? आज त्यांचं ते वाक्य आठवतं तेव्हा मला स्वतःची लाज वाटते, कारण त्यात सगळं सांगितलेलं होतं आणि मी ते नम्रता म्हणून बाजूला सारलं.

पेटी घरी आली. तीन दिवसांत देतो म्हणालो होतो, लावले आठ. वरची फळी उघडली, पट्ट्या एकेक करून काढल्या, क्रमाने वर्तमानपत्रावर मांडल्या, पाठीवर पेन्सिलीने आकडे घातले. झिजलेलं कापड खरवडून काढलं आणि टाकून दिलं. त्या जागी कीबोर्डसाठी आणलेल्यातला उरलेला स्पंज एकसारखा कापून चिकटवला. पट्ट्या जिथे खिळ्यांवर डुलतात तिथे ग्रीस लावलं, या वेळी बेताने. काम सुबक झालं होतं, हे मी आजही म्हणेन. पट्टी दाबली की सूर यायचा आणि लाकूड कुठे टेकलं त्याचा पत्ता लागायचा नाही. सप्ताह सुरू व्हायच्या दिवशी सकाळी मी पेटी देवळात नेऊन ठेवली. काकांनी उभ्याउभ्या चार सूर धरून बघितले. "मऊ झाली रे," म्हणाले. मी ते कौतुक समजलो.

आमच्याकडे सप्ताहात भजन अखंड चालतं. प्रत्येक वाड्याची पाळी ठरलेली असते, आणि एका पाळीतून दुसरीत जाताना पेटीचा सूर तुटू द्यायचा नाही, ही आमच्या देवळाची रीत. पुढचा वाजवणारा येऊन शेजारी बसतो, आधी भाता हातात घेतो, मग आधीच्याच्या बोटांशेजारी आपली बोटं ठेवतो, आणि आधीचा हळूच सरकून उठतो. ऐकणाऱ्याला माणूस बदलल्याचं कळूही नये. इतकी साधी, सभ्य रीत आहे ती.

आमच्या वाड्याची पाळी दुपारची. पहिला अभंग सुरू झाला आणि स्पीकरमधून स्वच्छ सूर यायला लागला. मागे कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. मी झांज वाजवत होतो आणि मनात म्हणत होतो, बघा. दुसऱ्या अभंगात एक सूर पडला नाही. नंतर एक. मग काका पट्ट्या जोरात दाबू लागले, बोट एका पट्टीवर ठेवून दुसरीची कड चेपू लागले, नको तो सूर मध्येच ओरडला. गाणाऱ्याने मागे वळून बघितलं. काकांनी मान पेटीजवळ नेली, कान अगदी पट्ट्यांवर टेकवल्यासारखा. घाम गळत होता. चलन चुकलं त्या दुपारी माझी बोटं जशी दाबलं की नाही दाबलं अशा संभ्रमात होती, तसंच ते होतं, पण मला ते तेव्हा कळलं असं मी म्हणणार नाही. मला तेव्हा त्यांचा थोडा राग आला होता. एवढी सुंदर केलेली पेटी, आणि हे असे वाजवतात.

तिसऱ्या अभंगात वरच्या वाड्यावरचे एक मास्तर पुढे आले. त्यांची पाळी अजून लांब होती. ते काकांच्या शेजारी बसले, त्यांनी भाता हातात घेतला, मग बोटं ठेवली. सूर तुटला नाही. काका सरकून उठले, देवाला हात जोडले आणि खांबाकडे जाऊन बसले. त्यांना कुणी काही बोललं असतं तर बरं झालं असतं.

सप्ताह संपला त्या दिवशी काका नारळ घेऊन आले. पेटीची सेवा सोडतो म्हणाले. आमच्याकडे असं काही धरायचं किंवा सोडायचं असलं की देवासमोर गाऱ्हाणं घालतात. मानकऱ्यांनी नारळ पुढे ठेवला आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान इतकी वर्सां तुझी सेवा केली. आता तेच्या हातात बळ रवला नाय. सेवेत तेचा काय चुकला माकला असात ता पदरात घे, आणि तेका ह्या सेवेतून मोकळो कर रे म्हाराजा." प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी म्हणायचं असतं, व्हय म्हाराजा. सगळे म्हणाले. मीही म्हणालो. तोंडातून सवयीने गेलं, असं मी पुष्कळदा स्वतःला सांगून बघितलं. पण तोपर्यंत मला माझ्या स्पंजाचा संशय आलेला होता, आणि गप्प राहणं जमण्यासारखं होतं.

खात्री झाली ती चार-पाच दिवसांनी. काकी आमच्याकडे फुलं न्यायला आल्या होत्या. बायकोने विचारलं, काका कसे आहेत. काकी म्हणाल्या, "साखरेन बोटां मेली गो त्येंची. सुई शिरान रगत इला तरी कळणा नाय. म्हणान तर दुकान बंद केला. कोणाक सांगूचा नाय म्हणतत." मी आतल्या खोलीत बसून कीबोर्डवर काहीतरी टाईप करत होतो. माझे हात थांबले. बोटांना कळत नव्हतं, म्हणून कान सांगत होता. त्या टक्‌टक्‌ आवाजावर हा माणूस दोन वर्षं पेटी वाजवत होता, बहुधा त्यालाही ते ठाऊक नसावं. आणि मी तो आवाज ग्रीस आणि स्पंज घालून मारला होता.

त्याच संध्याकाळी जाऊन सांगायला हवं होतं. दहा पावलांवर घर. मी गेलो नाही. आधी म्हटलं, पेटी नीट करू आणि मग सांगू. मग गणपती आले, मग ऑफिसात ऑडिट आलं, कारणांना तोटा नव्हता. मास्तर स्वतःची पेटी आणत होते, जुनी देवळाच्या खोलीत पडून होती, त्यामुळे कुणाला घाईही नव्हती. वाटेत काका भेटले की मी स्कूटर हळू करायचो, ते हात वर करायचे, मी पुढे जायचो. या दिवसांत कीबोर्डच्या बटणांवर नवीन कॅपा घातल्या, निळ्या-करड्या. हे सांगायला नको होतं, पण खरं आहे. अपराधी वाटत असतानाही माणसाचे हात आपला चाळा सोडत नाहीत.

दिवाळी झाल्यावर मी देवळातून पेटी मागून आणली. स्पंज खरवडून काढला, ग्रीस पुसलं, डिचोलीच्या एका पेटी दुरुस्त करणाऱ्याकडून पातळ, कडक कापडाची पट्टी आणून बसवली. टक्‌ असा आवाज परत आला. अगदी तोच नाही, पण आला. एका रविवारी सकाळी ती पेटी स्कूटरच्या मागे बांधली आणि दहा पावलांसाठी स्कूटर काढून काकांच्या अंगणात गेलो.

काका सोप्यावर बसले होते. मी पेटी त्यांच्यासमोर ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं. स्पंज, ग्रीस, पट्ट्यांचा आवाज, त्यांची बोटं, सगळं. शेवटी म्हणालो, "काका, तुमचो हात चुकलो नाय. मी पेटी बिघडवली. आता वाजवन बघा." मग त्यांनी हात पुढे केला, आणि पेटीपासून वीतभर अंतरावर थांबवून मागे घेतला.

"देवासमोर सोडली ती," म्हणाले. "आता हात लावंक जावचो नाय."

"निदान खरा खोटा तरी कळात."

"कळान काय करूचा?" ते हसले. "तू माका बरा वाटूचा म्हणान सांगतंस. बरो असंस तू, झिला." मग आत तोंड करून त्यांनी काकीला हाक दिली, "गो, च्याय ठेव. हो बघ, म्हाजो दोष आपल्यार घेवंक इलो हा."

मी नाही नाही म्हणत राहिलो. जितकं पटवावं तितकं त्यांना ते माझं मोठेपण वाटत गेलं. काकींनी पदर डोळ्यांना लावला. मी तीन-चार वेळा शपथा घेतल्या आणि मग थांबलो. खरं सांगायचं तर थांबताना कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं. सांगायचं ते सांगून झालं होतं, आणि शिक्षा म्हणून चहा आणि पाव समोर आला होता. मी तो खाल्ला. त्या सुटकेबद्दल मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही.

निघताना मी पेटी देवळात नेऊन ठेवायला परत स्कूटरवर चढवली. काकांना माझी बांधणी पसंत पडली नाही. "सर बाजूक, मी बांधतंय," म्हणाले. दोरी माझ्या हातातून घेऊन त्यांनी दोन वेढे दिले, पेटीच्या कडेखालून घेतली, गाठ मारली. एवढी वर्षं शिलाई केलेला माणूस, बोटं अजून वळणं विसरली नव्हती. गाठ मारून झाल्यावर त्यांनी ती दोनदा चाचपली आणि बाजूला झाले.

"घट बसली काय बघ रे. माका कळणा नाय."

मी ओढून बघितली. गाठ सैल होती.

"घट असा, काका," मी म्हणालो, आणि वळण ओलांडून त्यांचं घर दिसेनासं झाल्यावर स्कूटर उभी करून ती पुन्हा बांधली.